बुडालेल्या जर्मन बचाव-विमानाचा माग कसा काढायचा

प्रश्न थोडक्यात असा: दुसऱ्या महायुद्धातल्या विमानहानीच्या एका तक्त्यात ‘हाइन्केल ५९, सागरी बचाव, जुलै १९४०, इंग्लंडचा किनारा, १०० टक्के’ एवढीच ओळ सापडली आहे. हे विमान नेमकं कोणतं, कुठे पडलं, आतल्या माणसांचं काय झालं? आणि पुढच्या वर्षांतल्या डॉर्निअर २४ विमानांचा शोधही असाच घेता येईल का?

घेता येईल. पण सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. तक्त्यातली ती एक ओळ दिसते एक, पण तिच्यात तीन वेगळे शोध दडलेले असतात: विमानाचा, माणसांचा आणि घटनेचा. तिन्हींचे कागद वेगळ्या कचेऱ्यांत, वेगळ्या कारणांसाठी तयार झाले. विमानाची नोंद सुटे भाग आणि बदली विमान मिळावं म्हणून झाली, माणसांची घरी कळवण्यासाठी आणि पेन्शनसाठी, घटनेची लढाईचा अहवाल म्हणून. तिन्ही शोध आपापल्या वाटेने शेवटपर्यंत न्या आणि मगच एकमेकांशी जुळवा. आधीच एकत्र केलेत तर एका विमानाचा क्रमांक, दुसऱ्याचं चालकदल आणि तिसऱ्याची लढत अशी मोट बांधली जाते. छापील पुस्तकांतही अशा मोटा आहेत, आणि एकाने बांधली की पुढचे दहा जण ती उतरवून घेतात.

तुमच्याच ओळीपासून सुरू करू. जर्मन हवाई दलाची सागरी बचाव सेवा, म्हणजे झेनोटडीन्स्ट, १९३५ साली कील इथे उभी राहिली. तिचं सुरुवातीचं मुख्य विमान हाइन्केल ५९: दोन फ्लोटवर, म्हणजे पोकळ तरंगत्या पायांवर, पाण्यात उतरणारं, दुहेरी पंखांचं, दोन इंजिनांचं, चार माणसांचं, वेगाला बेताचं. १९४० च्या उन्हाळ्यात ही विमानं पांढऱ्या रंगात, लाल क्रॉससह आणि ‘डी-’ने सुरू होणाऱ्या नागरी नोंदणीखाली उडत होती. १ जुलै १९४० रोजी डी-एएसएएम हे विमान ब्रिटिश ७२ स्क्वाड्रनच्या स्पिटफायर विमानांनी संडरलँडसमोरच्या समुद्रात पाडलं. ९ जुलैला डी-एएसयूओ या विमानाला ५४ स्क्वाड्रनने गुडविन सँड्स या वाळूच्या दांड्यांवर उतरायला भाग पाडलं. ते वॉल्मरच्या जीवरक्षक बोटीने किनाऱ्याला ओढून आणलं आणि चौघंही कैद झाले. त्या महिन्यात बचाव सेवेची आणखीही विमानं गेली. म्हणजे ‘जुलै १९४०, इंग्लंडचा किनारा’ एवढ्यावर एकही विमान ठरत नाही. ईशान्य किनारा की आग्नेयेकडच्या केंटचा, आणि तारीख कोणती, हे आधी लागतं.

या दोन घटनांमध्ये फरक करायला एक खूण फार उपयोगी पडते. ९ जुलैच्या हाइन्केलबरोबर मेसरश्मिट १०९ विमानांचं संरक्षण होतं आणि तिथे मोठी चकमक झडली, त्यामुळे त्याच संध्याकाळी जर्मन लढाऊ विमानांच्या आणि ५४ स्क्वाड्रनच्या नुकसानीच्या नोंदीही मिळतात. संडरलँडसमोर तसं काही नव्हतं. बचाव-विमानाचा शोध घेताना त्या दिवशी त्याच पट्ट्यात आणखी कोण कोण उडत होतं हे पाहिलं की अर्धा गुंता सुटतो.

डी-एएसयूओमध्ये सापडलेल्या वहीत ब्रिटिश जहाजांच्या ताफ्यांची जागा आणि दिशा टिपलेली होती. जुलैच्या मध्यात ब्रिटिश हवाई मंत्रालयाने पत्रक क्रमांक १२५४ काढून ही विमानं दिसल्यास पाडली जातील असं जाहीर केलं. त्यानंतर पांढरा रंग गेला, छद्मरंग आणि मशीनगन आल्या, आणि नागरी नोंदणीच्या जागी चार अक्षरांची लष्करी खूण आली. इथे १९२९ च्या जिनिव्हा कराराचं कलम १८ नीट वाचा. वैद्यकीय विमान पांढरं असावं आणि त्यावर चिन्ह असावं असं ते सांगतं, पण परवानगीशिवाय शत्रूच्या प्रदेशावर जायची मनाईही त्याच कलमात आहे. दोन्ही बाजू याच कलमावर बोट ठेवत होत्या, म्हणून दोघांच्या अहवालांची भाषा वकिली आहे. त्यातलं ‘नि:शस्त्र’, ‘टेहळणी’ असं वर्णन बाजूला ठेवा. वेळ, जागा आणि खूण तेवढी उचला.

खूण अशी बदलते म्हणूनच विमानाचा शोध वेर्कनुमरवर, म्हणजे कारखान्याने घातलेल्या क्रमांकावर बांधायचा. डी-एएसयूओसारखी नागरी अक्षरं, नंतरची चार लष्करी अक्षरं आणि पुढे पथकाचा संकेत असलेली खूण हे सगळं एकाच विमानावर वेगवेगळ्या काळात असू शकतं. कारखान्याचा क्रमांक मात्र बदलत नाही. फक्त तो एकटा पुरत नाही. हाइन्केलचा आणि डॉर्निअरचा क्रमांक सारखा असू शकतो, म्हणून तुमच्या वहीत तो नेहमी प्रकार आणि उपप्रकारासह लिहा.

हा क्रमांक मिळतो जर्मन हवाई दलाच्या क्वार्टरमास्टर जनरलकडच्या, म्हणजे पुरवठा-प्रमुखाकडच्या, हानी-याद्यांत. त्या जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात आरएल २ या संचात आहेत आणि मायक्रोफिल्मच्या प्रतींवरूनही वाचता येतात. प्रत्येक नोंदीत साधारणपणे दिनांक, पथक, ठिकाण, कारण, प्रकार, क्रमांक, नुकसानीची टक्केवारी आणि मग माणसं असा क्रम असतो. टक्केवारी म्हणजे दुरुस्तीचा हिशेब. ६० किंवा त्याहून जास्त म्हणजे विमान मोडीत, १०० म्हणजे पूर्ण गेलं किंवा बेपत्ता, ६० च्या खाली म्हणजे दुरुस्त होण्याजोगं. माणसांपुढे एफ म्हणजे वैमानिक, बी म्हणजे निरीक्षक, बीएफ म्हणजे रेडिओवाला, बीएम म्हणजे यांत्रिक. पहिलं नाव वैमानिकाचंच आहे आणि तोच विमानाचा प्रमुख आहे असं धरून चालू नका. जर्मन सागरी विमानांत निरीक्षकाकडे प्रमुखपद असणं नवीन नव्हतं.

या याद्यांत तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिली जागा दिनांकाची: पान ज्या दिवसाचं आहे तो अहवाल पोचल्याचा दिवस असू शकतो, अपघाताचा नव्हे. दुसरी म्हणजे दुरुस्ती-नोंदी. ‘बेपत्ता’ म्हटलेला माणूस काही आठवड्यांनी कैदी म्हणून किंवा मृत म्हणून पुन्हा येतो. कारण कैदेची बातमी बहुधा आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसमार्फत फिरून यायची. ३० टक्के लिहिलेलं विमान ओढून नेताना बुडालं तर त्याचे १०० टक्के पुढच्या कुठल्या तरी पानावर असतात. म्हणून घटनेनंतरची निदान तीन-चार महिन्यांची पानं चाळल्याशिवाय नोंद पूर्ण झाली असं मानू नये. तिसरी जागा वाचनाची. झिजलेल्या टंकलेखनाच्या फिल्मवर ३ आणि ८, ० आणि ६, १ आणि ७ एकमेकांत मिसळतात. हस्तलिखित भर असेल तर जुन्या जर्मन वळणात ‘ई’ आणि ‘एन’ ही अक्षरं जवळजवळ सारखी दिसतात, आणि आडनाव पार बदलून जातं. शंका असलेला अंक प्रश्नचिन्हासह लिहा. मनाने दुरुस्त केलात तर पुढे खऱ्या क्रमांकाशी तो कधीच जुळणार नाही.

आता घड्याळ. सगळ्यात जास्त चुकीच्या जोड्या इथेच लागतात. जर्मनीने १ एप्रिल १९४० ला उन्हाळी वेळ लावली आणि ती २ नोव्हेंबर १९४२ पर्यंत सलग ठेवली, म्हणजे ग्रिनिचच्या दोन तास पुढे. ब्रिटनमध्ये १९४० च्या उन्हाळ्यात घड्याळ ग्रिनिचच्या एक तास पुढे होतं आणि हिवाळ्यातही तसंच राहिलं. त्यामुळे जर्मन नोंदीतला १९.३० म्हणजे ब्रिटिश घड्याळात १८.३०. पण ४ मे ते १० ऑगस्ट १९४१ या काळात ब्रिटनने दुहेरी उन्हाळी वेळ लावली, आणि तेवढे महिने दोन्ही घड्याळं सारखी चालली. १० ऑगस्टनंतर पुन्हा एका तासाचा फरक. १९४० ची सवय १९४१ च्या जूनला लावली की उगाच एक तास वजा होतो. तासाला जेमतेम २०० किलोमीटर जाणाऱ्या विमानाच्या बाबतीत तो तास म्हणजे किनाऱ्याचा वेगळाच तुकडा. शिवाय ब्रिटिश कागदांतही काही ग्रिनिच वेळेत आहेत, काही स्थानिक वेळेत. प्रत्येक वेळेपुढे ती कोणत्या घड्याळाची हे लिहूनच जुळवाजुळव करा.

ब्रिटिश बाजूचे कागद लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात मिळतात. एआयआर २७ मध्ये स्क्वाड्रनच्या नोंदवह्या आहेत, एआयआर ५० मध्ये वैमानिकांचे लढत-अहवाल, आणि एआयआर ४० मध्ये कैद्यांच्या चौकशीचे गुप्तवार्ता अहवाल. नोंदवहीत दोन प्रकारची पानं असतात. ५४० क्रमांकाच्या फॉर्ममध्ये दिवसाचा गोषवारा आणि ५४१ मध्ये प्रत्येक उड्डाणाची निघण्या-परतण्याची वेळ. गोषवारा वाचायला छान, पण जुळणी ५४१ वरच करा. आणि दावा, म्हणजे ‘मी विमान पाडलं’ हे वैमानिकाचं म्हणणं, ही हानी नव्हे हे घट्ट धरून ठेवा. एकाच विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या की कधी तीन दावे होतात. हाइन्केल ५९ आणि ११५, डॉर्निअर १८ आणि २४ यांची आकाशात गल्लत होते, त्यामुळे दाव्यातला प्रकार हा फक्त अंदाज. वेळ, जागा आणि विमानाचा शेवट (जळालं, समुद्रात उतरलं, माणसं रबरी होडीत दिसली) या तिन्हींपैकी निदान दोन गोष्टी स्वतंत्रपणे जुळल्या तरच जोडी लावा. एकच जुळली तर ‘संभाव्य’ लिहा आणि ते ‘संभाव्य’ मजकुरातून कधी गळू देऊ नका.

जागेसाठी जर्मन नोंदीत बहुतेक वेळा अक्षांश-रेखांश नसतात, नकाशावर आखलेल्या जाळ्यातल्या चौकटीचा संकेत असतो. दोन अक्षरं आणि चार अंक असतील तर ते जर्मन नौदलाचं जाळं. त्यातली चार अंकी चौकट ६ सागरी मैल बाजूची असते. अंक आणि त्यांना जोडून पूर्व किंवा पश्चिम असा शब्द असेल तर ते हवाई दलाचं जाळं. हवाई दलाची पद्धत युद्धाच्या काळात बदलली, म्हणून नकाशा त्याच वर्षाचा हवा. चौकटीच्या मधोमध टिंब काढून त्याला ‘अपघातस्थळ’ म्हणू नका. पूर्ण चौकट रंगवा, शक्यतेचा पट्टा तेवढाच आहे.

बचाव-विमानांच्या शोधात आणखी एक गोष्ट लढाऊ विमानांच्या अभ्यासकांच्या लक्षात येत नाही: शत्रूच्या गोळीइतकाच समुद्र कारणीभूत असतो. ही विमानं जिथे कोणी बुडत होतं तिथे, त्याच वाऱ्यात आणि त्याच लाटांत उतरायची. उतरणं जमलं तरी वाचलेल्यांचं वजन घेऊन खवळलेल्या पाण्यातून पुन्हा उठणं अनेकदा अशक्य. मग ती पाण्यावरूनच इंजिनं चालवत किनाऱ्याकडे निघत किंवा बोटीला बांधून ओढली जात. अशा प्रवासात विमान तासन् तासांनी, पहिल्या ठिकाणापासून कितीतरी दूर बुडू शकतं. हाइन्केल ५९ मध्ये तर फ्लोटच इंधनाच्या टाक्या होत्या, प्रत्येकी सुमारे ९०० लिटरच्या, म्हणजे फ्लोटला भोक पडलं की तरंगणंही जातं आणि इंधनही. कारणाच्या रकान्यात ‘लाटांमुळे’, ‘उतरताना मोडतोड’, ‘ओढताना बुडालं’ असं असेल तर त्या दिवशीच्या ब्रिटिश दाव्यांत त्याचा जोडीदार शोधण्यात वेळ घालवू नका. त्याऐवजी त्या भागातल्या बोटींची रोजनिशी पाहा.

माणसांच्या शोधाकडे येऊ. मेलेल्यांची आणि बेपत्ता झालेल्यांची नावानिशी माहिती बर्लिनच्या जुन्या डॉइचे डीन्स्टश्टेले या कचेरीत होती. २०१९ च्या सुरुवातीपासून ती जर्मन संघराज्याच्या अभिलेखागाराचा भाग आहे. अर्जात पूर्ण नाव, जन्मतारीख आणि ओळखबिल्ल्याचा क्रमांक देता आला तर काम सोपं होतं. नुसत्या आडनावावर उत्तर मिळण्याची आशा कमी, आणि उत्तराला अनेक महिने लागतात. कबरींसाठी जर्मन युद्धकबरी संस्थेचा, म्हणजे फोल्क्सबुंडचा, शोध वापरा. ब्रिटनमधली बरीच जर्मन दफनं १९६० च्या दशकात कॅनॉक चेस इथे हलवली गेली, नेदरलँड्समधली इसेलश्टाइनला. त्यामुळे आजची कबर कुठे आहे यावरून प्रेत कुठे लागलं ते कळत नाही. मूळ दफनाची जागा मागा. डॅनिश, डच किंवा इंग्लिश किनाऱ्यावर प्रेत काही आठवड्यांनी लागलेलं असू शकतं, आणि मृत्यूच्या तारखेच्या जागी कधी सापडल्याची तारीख बसलेली असते. एकाच चालकदलातल्या दोघांच्या तारखांत महिन्याचं अंतर दिसलं तर दोन अपघात झाले असं लगेच समजू नका.

आणि वाचवलेल्यांना विसरू नका. समुद्रातून उचललेला लढाऊ वैमानिक परतीच्या वाटेवर बचाव-विमानाबरोबरच बुडाला तर त्याचं नाव बचाव पथकाच्या नोंदीत नसतं, त्याच्या स्वतःच्या पथकाच्या यादीत असतं, आणि तिथे कारण म्हणून त्याची पहिलीच लढत लिहिलेली असू शकते. शत्रूचे वाचवलेले वैमानिक आणखी तिसऱ्याच कागदांत. ५ मार्च १९४५ ला पोमेरेनियातल्या काम्प इथे निर्वासित मुलांनी भरलेलं एक डॉर्निअर २४ तळ्यात कोसळलं. आत सत्तराहून अधिक मुलं होती असं सांगितलं जातं. त्यांचं नाव कुठल्याही हवाई दलाच्या हानी-यादीत नसणार. तो शोध चर्चच्या आणि गावांच्या नोंदींतून, आणि वाचलेल्या कुटुंबांच्या आठवणींतून जातो. विमानाच्या क्रमांकापेक्षा तो शोध मोठा आहे.

डॉर्निअर २४ कडे वळलात की वाट थोडी बदलते. (तटरक्षक दलाच्या डॉर्निअर २२८ मुळे हे नाव आपल्याकडे ओळखीचं आहे. पण २२८ धावपट्टीवरून उडतं, आणि २४ हे पोटावर तरंगणारं तीन इंजिनांचं फ्लाइंग बोट होतं.) हे विमान मुळात डच नौदलाच्या गरजेसाठी घडवलं गेलं आणि जर्मनांच्या ताब्यातल्या डच आणि फ्रेंच कारखान्यांतूनही बाहेर पडलं. म्हणून नुसतं ‘डॉर्निअर २४ हानी’ असं शोधलंत तर ३ मार्च १९४२ ला ऑस्ट्रेलियात ब्रूम इथे जपानी हल्ल्यात नष्ट झालेली डच विमानंही यादीत येतात. स्पेनला १९४४ मध्ये दिलेली बारा विमानं हानी नव्हेत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर स्वीडनमध्ये हेलेविकला उतरलेलं एक विमान पुढे स्वीडिश हवाई दलाने टीपी २४ नावाने वापरलं. जर्मन हिशेबात ते गेलं, प्रत्यक्षात मात्र ते शाबूत होतं.

उलट बाजूने हाच सापळा हाइन्केल ५९ ला आहे. ही विमानं किनारी गटांकडे सुरुंग टाकायलाही होती, आणि १० मे १९४० ला बारा हाइन्केल ५९ सैनिक घेऊन रॉटरडॅममध्ये मास नदीवर उतरली. त्यातली काही तिथेच गेली. प्रकारावरून गाळणी लावली तर ती सगळी ‘बचाव’ म्हणून मोजली जातात. गाळणी पथकाच्या नावावर लावा, आणि त्यासाठी नावांची तारीखवार तालिका आधी बनवा. सुरुवातीची बचाव कमांडो पथकं पुढे झेनोटश्टाफेल, म्हणजे बचाव स्क्वाड्रन, झाली आणि १९४४ मध्ये त्यांना पुन्हा नवे क्रमांक मिळाले. एकच तुकडी तीन नावांनी दिसते.

१९४४ पासून खरी अडचण सुरू होते. १९४३ अखेरपर्यंतच्या हानी-याद्या बऱ्यापैकी सलग आहेत, त्यानंतर मोठी पोकळी आहे, आणि शेवटच्या आठवड्यांत हवाई दलाचे पुष्कळ कागद जाळले गेले. इथे नौदल मदतीला येतं. जर्मन नौदलाचं अभिलेखागार टाम्बाखच्या वाड्यात जवळजवळ पूर्ण अवस्थेत दोस्त राष्ट्रांच्या हाती लागलं. नौदल मुख्यालयाच्या आणि किनारी कमांडच्या युद्ध-रोजनिशींत ‘बचाव-विमान निघालं’, ‘संपर्क तुटला’, ‘बोटी पाठवल्या’ अशा वेळेसह नोंदी सापडतात. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात टी-१०२२ या मायक्रोफिल्म मालिकेत त्या वाचता येतात. बिस्केच्या उपसागरातल्या, नॉर्वेच्या आणि एजियन समुद्रातल्या विमानांसाठी माझ्या मते हाच सर्वात दुर्लक्षित आणि सर्वात फलदायी साठा आहे. तारीख माहीत असेल तर आधीच्या आणि नंतरच्या दोन दिवसांसह पाच दिवस वाचा. नेदरलँड्सजवळच्या घटनांना डच हवाईयुद्ध अभ्यासगटाची हानी-नोंदवहीही ताडून पाहा.

शेवटी, समुद्रतळावर काही सापडलं असेल तर आधी इंजिनं मोजा. व्ही आकाराची बारा सिलिंडरची, पाण्याने थंड होणारी दोन मोठी इंजिनं असतील तर हाइन्केल ५९. त्याचे पंख लाकडी आणि धड कापड चढवलेल्या पोलादी नळ्यांचं असल्यामुळे बहुधा नळ्या, इंजिनं आणि फ्लोटचे पत्रेच उरतात. नऊ सिलिंडरची, हवेने थंड होणारी तीन इंजिनं म्हणजे डॉर्निअर २४. तीन इंजिनं आहेत पण सिलिंडर दोन ओळींत चौदा, तर ते जर्मनांनी वापरलेलं फ्रेंच ब्रेगे बिझर्त असू शकतं. एकामागे एक बसवलेली दोन डिझेल इंजिनं असतील तर डॉर्निअर १८. ‘एफएल’ने सुरू होणारा क्रमांक असलेली पाटी उत्साह वाढवते, पण तो उपकरणाचा क्रमांक आहे. अनेक प्रकारच्या विमानांत तेच उपकरण बसायचं, त्यामुळे त्यावरून विमान ठरत नाही. प्रकाराची पाटी किंवा सांगाड्याच्या भागांवर ठोकलेले क्रमांक शोधा.

ब्रिटिश हद्दीतल्या पाण्यात १९८६ च्या लष्करी अवशेष संरक्षण कायद्याखाली लष्करी सेवेत पडलेलं कोणतंही विमान, जर्मनही, आपोआप संरक्षित आहे. परवान्याशिवाय त्यातलं काहीही हलवता येत नाही, कारण आत माणसं असू शकतात. पाटी वर आणू नका, ब्रशने घासूही नका, घासल्याने ठोकलेले अंक पुसतात. जागेवरच, शेजारी मोजपट्टी ठेवून, दिवा एका बाजूने तिरपा धरून चार दिशांनी चार फोटो घ्या. समोरून न दिसणारा अंक तिरप्या उजेडाच्या सावलीत वाचता येतो.